अवकाश विज्ञानाच्या निधीसाठी खासदारांना भेटताना : काय मागायचं, कधी आणि कोणत्या क्रमाने

खासदारांना दिलेल्या निवेदनांत एक वाक्य ठरलेलं असतं : "तरी आपण अवकाश संशोधनाचा निधी वाढवून द्यावा, ही नम्र विनंती." कागदावर 'आवक'चा शिक्का बसतो, फोटो निघतो, पीए निवेदन फाइलला लावतो आणि विषय तिथेच संपतो. खासदार दरवेळी बेफिकीर असतात असं नाही. ही मागणी पुरी करणं त्यांच्या हातातच नसतं.

संविधानाच्या अनुच्छेद ११३ नुसार अनुदानाची कोणतीही मागणी (म्हणजे एखाद्या खात्याच्या वर्षाच्या खर्चाचा प्रस्ताव) राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात सरकारने ठरवल्याशिवाय, लोकसभेपुढे येत नाही. आलेली मागणी सभागृह मंजूर करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं. ती एका रुपयानेही वाढवू शकत नाही.

तरीही खासदारांकडे जायचं. आकडा ठरण्याआधी आणि ठरल्यानंतर त्यांना करता येण्यासारखं बरंच असतं. फक्त ते नाव घेऊन आणि वेळेवर मागावं लागतं.

१. पैसा कोणत्या खात्याचा, ते आधी पाहा

सगळ्यात जास्त निवेदनं इथेच वाट चुकतात. आकाशाशी संबंधित सगळं 'इस्रोचं' नसतं.

- चांद्रयान, सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१, ॲस्ट्रोसॅट आणि एक्स्पोसॅट हे खगोल उपग्रह आणि शुक्राची मोहीम यांचा खर्च अवकाश विभागाचा. हा विभाग पंतप्रधानांच्या अखत्यारीत येतो.
- नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्राची, म्हणजे अणुऊर्जा विभागाची.
- हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. तो खर्च अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडचा.
- पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे शिक्षण मंत्रालयाच्या बाजूची. आदित्य-एल१ वरची 'सूट' ही सूर्यदुर्बीण मात्र याच संस्थेने इस्रोसाठी तयार केली. एकाच यंत्रामागे दोन खाती उभी असतात ती अशी.

लायगोसाठी अवकाश विभागाला लिहिलेलं पत्र फिरत फिरत योग्य टेबलावर पोचेलही, पण तोवर अधिवेशन संपलेलं असेल.

*तपासून घ्या :* तुमच्या मागणीतल्या प्रत्येक प्रकल्पापुढे त्याच्या खात्याचं नाव लिहिता येतंय का? दोन खाती येत असतील तर निवेदनंही दोन करा.

आणखी एक गल्लत. गगनयान ही मानवी उड्डाणाची योजना आहे. भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग धरून तिची व्याप्ती सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवली, तेव्हा एकूण तरतूद २०,१९३ कोटींवर गेली. त्याच दिवशी मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी आणि शुक्र मोहिमेला १,२३६ कोटी मंजूर केले. 'अवकाशासाठी निधी' असं मोघम मागितलं, तर "दिलाय की वीस हजार कोटी" हे उत्तर तयार असतं. तुम्हाला विज्ञान मोहिमा म्हणायच्या असतील तर तसंच म्हणा.

२. अर्थसंकल्पातली ओळ स्वतः वाचा

अर्थ मंत्रालयाच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर खर्चाचा खातेनिहाय तपशील मिळतो. अवकाश विभागाची मागणी नावाने शोधा. तिच्यात अवकाश तंत्रज्ञान, अवकाश उपयोजन, अवकाश विज्ञान अशी शीर्षं दिसतात. विज्ञानाची ओळ एकूण मागणीच्या मानाने बारीक असते. पण रॉकेट आणि केंद्रांचा खर्च दुसऱ्या शीर्षांत बसतो, म्हणून या एका ओळीवरून 'विज्ञानाला इतकेच पैसे' असा निष्कर्ष काढू नका. जाणकार अधिकारी तिथेच पकडेल.

एका वर्षाचा आकडा उचलू नका. अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाआधी ठरलेली तरतूद), सुधारित अंदाज (वर्ष चालू असताना बदललेली तरतूद) आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन स्तंभ निदान पाच वर्षांचे उतरवा. खरी गोष्ट त्या स्तंभांमधल्या फरकात असते. २०२०-२१ मध्ये विभागाला सुमारे १३,४७९ कोटी दाखवले होते, सुधारित अंदाजात ९,५०० राहिले. ते वर्ष कोविडचं होतं. पण २०२२-२३ मध्येही १३,७०० कोटींचे १०,५३० झाले. २०२५-२६ ची तरतूद सुमारे १३,४१६ कोटींची होती, म्हणजे कागदावर पाच वर्षांपूर्वीच्याच पातळीवर.

यातून मागणीचं स्वरूपच बदलतं. 'वाढवा' म्हणण्याआधी 'दिलेले खर्च का होत नाहीत' हा प्रश्न येतो. तो तुम्ही विचारला नाहीत तर खासदार तुम्हाला विचारतील.

*सावधान :* व्हॉट्सॲपवर आलेला एकही आकडा निवेदनात घालू नका. एक चुकीचा आकडा सापडला की बाकीचं पान कोणी वाचत नाही.

३. कोणाकडे जायचं

आमदारांकडे नको. विधिमंडळाचा या पैशाशी संबंध नाही. ओळखीचे आमदार खासदारांची वेळ मिळवून देणार असतील, तर तेवढ्यापुरतं जरूर भेटा.

पहिला हक्क आपल्या मतदारसंघाच्या लोकसभा खासदारांवर. त्यानंतर संसदेच्या विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल विषयक स्थायी समितीची यादी पाहा. ३१ सदस्यांची ही समिती (लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०) अवकाश विभागाच्या अनुदान मागण्या तपासते आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारते. समिती दरवर्षी नव्याने बनते, त्यामुळे गेल्या वर्षीची यादी वापरू नका. महाराष्ट्राचे ४८ आणि १९, गोव्याचे २ आणि १ अशा लोकसभा-राज्यसभा सदस्यांपैकी कोणी त्यात असेल, तर ती भेट दहा भेटींच्या बरोबरीची.

राज्यसभा सदस्य अनुदानावर मतदान करत नाहीत, पण समितीत बसतात आणि प्रश्नही विचारतात. त्यांच्या दाराशी गर्दी कमी असते, हा वेगळा फायदा.

सत्ताधारी की विरोधी, यावरून मागणी बदला, भूमिका नको. सत्ताधारी खासदार पक्षादेशाविरुद्ध मतदान करणार नाहीत, पण मंत्र्यांना पत्र लिहू शकतात, आणि त्या पत्राला वजन असतं. विरोधी खासदार सभागृहात मोकळेपणाने विचारू शकतात. दोघांपुढे सरकारची स्तुती किंवा टीका टाळा. चांद्रयान-१ गेलं २००८ मध्ये, चांद्रयान-३ उतरलं २०२३ मध्ये. सत्तेत वेगवेगळे पक्ष होते. विषय पक्षाचा नाही हे दाखवायला एवढं पुरे.

४. मागणी एकच ठेवा, आणि ती खासदारांना करता येण्यासारखी असू द्या

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. घाई इथे करू नका. पर्याय असे :

अतारांकित प्रश्न. उत्तर लेखी येतं आणि कायमचं नोंदीत राहतं. लोकसभेत दिवसाला २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, फक्त २०. सोडत दोन्हींसाठी निघते, पण तारांकितला जागा फार कमी. नवख्यांनी अतारांकितच मागावा. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो.

मंत्र्यांना पत्र. अर्थमंत्र्यांना किंवा अवकाश विभागाच्या राज्यमंत्र्यांना, खासदारांच्या लेटरहेडवर. आकडा ठरण्याआधी उपयोगी पडणारं हे जवळजवळ एकमेव हत्यार आहे.

स्थायी समितीत प्रश्न. खासदार समितीवर असतील तरच. समितीच्या अहवालातल्या शिफारशीवर काय केलं, हे सरकारला तीन महिन्यांत कळवावं लागतं. माझ्या मते नागरिकाला मिळू शकणारी ही सगळ्यात भक्कम गोष्ट आहे, आणि मागतं मात्र कोणीच नाही.

नियम ३७७ खालील मुद्दा. लोकसभेत साधारण २५० शब्दांत विषय मांडता येतो, लेखी उत्तर नंतर येतं. राज्यसभेत याच धर्तीवर विशेष उल्लेख असतो.

कपात सूचना. नाव उलटं वाटतं, पण मागणीतून शंभर रुपये कमी करण्याची प्रतीकात्मक सूचना देऊन एखाद्या त्रुटीवर बोट ठेवता येतं. विरोधी खासदारांनाच सुचवा. बहुतेक खात्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकदम मंजूर होतात, म्हणून हिच्यावर भिस्त ठेवू नका.

खासदार निधीतून मोहिमेला पैसे मागणं ही नेहमीची चूक. वर्षाला ५ कोटींचा तो निधी मतदारसंघातल्या टिकाऊ सार्वजनिक कामांसाठी असतो. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी वेगळा अर्ज करा, पण या भेटीत तो विषय काढू नका. काढलात तर खासदार सोपी मागणी उचलतील आणि अवघड बाजूला ठेवतील. त्यांच्या जागी कोणीही तेच करेल.

*तपासून घ्या :* तुमची मागणी 'आपण अमुक तारखेआधी अमुक करावं' या साच्यात बसते का? 'लक्ष घालावं', 'पाठपुरावा करावा', 'आवाज उठवावा' या क्रियापदांना काही अर्थ नाही. ती खोडा.

५. तारखा उलट्या बाजूने मोजा

१ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो, म्हणून लोक जानेवारीत जागे होतात. तोवर आकडे ठरून गेलेले असतात. अर्थ मंत्रालयाचं परिपत्रक ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतं आणि खात्यांशी बैठका ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. म्हणजे :

- ऑगस्ट ते ऑक्टोबर : मंत्र्यांना पत्र. २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन. शाळेच्या किंवा खगोल मंडळाच्या कार्यक्रमाला खासदारांना बोलवायला याहून चांगलं निमित्त नाही, आणि तो दिवस नेमका हंगामाच्या तोंडाशी येतो.
- हिवाळी अधिवेशनाआधी एक महिना : प्रश्नाचा मसुदा पोचवा.
- फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा : स्थायी समितीच्या सदस्यांना टिपण द्या. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत समिती खात्यांच्या मागण्या तपासते. नव्या आकड्यांसह टिपण त्याआधी त्यांच्या हातात हवं.
- मार्च : पोचलात तर कपात सूचना. नाहीतर पुढच्या ऑगस्टची तयारी.

६. एका पानाचं टिपण

दोन पानं झाली की दुसरं पान कोणी वाचत नाही. प्रस्तावना नको, आर्यभट्ट नको, विक्रम साराभाईही नकोत. मागणी पहिल्या ओळीत. साचा असा :

> मा. खासदार महोदय / महोदया, सप्रेम नमस्कार.
>
> विनंती : येत्या हिवाळी अधिवेशनात सोबतचा अतारांकित प्रश्न आपण विचारावा.
>
> कारण : ॲस्ट्रोसॅट ही खगोल वेधशाळा पाच वर्षांच्या आयुर्मानाच्या हिशोबाने २०१५ मध्ये सोडली गेली. तिच्यानंतरच्या दुर्बिणींचे प्रस्ताव देशातल्या संस्थांनी तयार केले आहेत. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने आखलेला 'दक्ष' हा त्यांपैकी एक. त्यांच्या आर्थिक मंजुरीची स्थिती सभागृहाच्या नोंदीत यावी.
>
> मतदारसंघाशी संबंध : (एक ओळ, खरी.)
>
> निवेदक : नाव, गाव, मतदारसंघ, व्यवसाय, फोन.

टिपणासोबत प्रश्नाचा तयार मसुदा जोडा, इंग्रजी किंवा हिंदीत, कारण कार्यालयाला तो तसाच पुढे पाठवता आला पाहिजे. मराठीत त्याचा गाभा असा :

> पंतप्रधान पुढील बाबी सांगतील काय : (अ) ॲस्ट्रोसॅट व एक्स्पोसॅट यांच्यानंतरच्या खगोल उपग्रहांचे कोणते प्रस्ताव अवकाश विभागाकडे आहेत, (ब) प्रत्येक प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे, (क) आर्थिक मंजुरी न मिळालेल्या प्रस्तावांची कारणं काय, (ड) निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे?

'पंतप्रधान' हा शब्द तिथे चुकून आलेला नाही. अवकाश विभाग त्यांच्याकडे असल्याने प्रश्न त्यांच्याच नावाने जातो, उत्तर राज्यमंत्री देतात. प्रश्नात मत, युक्तिवाद किंवा टोमणा असेल तर तो नियमात बसत नाही. सहज उपलब्ध कागदपत्रांत असलेली माहितीही विचारायची नसते. म्हणून 'किती तरतूद केली' हे न विचारता 'का खर्च झाली नाही' हे विचारा.

*तपासून घ्या :* संसदेच्या संकेतस्थळावर खातं निवडून गेल्या दोन वर्षांतले प्रश्न वाचा. तुमचा प्रश्न आधीच विचारलेला असेल तर तुमचं काम सोपं झालं. त्या उत्तराच्या पुढचा प्रश्न लिहा. प्रस्तावांची स्थितीही बदलत असते, त्यामुळे गेल्या वर्षीचा मसुदा तसाच देऊ नका.

सरकारी संस्थेत नोकरी करणाऱ्यांनी सही करण्याआधी आपले सेवानियम पाहून घ्यावेत. शिक्षक, विद्यार्थी, उद्योजक आणि निवृत्त शास्त्रज्ञ पुढे असले तर गोष्टी सुटसुटीत होतात.

७. वेळ मिळवणं आणि भेट

अधिवेशन चालू असताना खासदार सोमवार ते शुक्रवार दिल्लीत असतात, भेट मिळते ती शनिवार-रविवारी जनसंपर्क कार्यालयात. पीएला आधी फोन करा, विषय एका वाक्यात सांगा आणि टिपण लगेच पाठवा. दिल्लीच्या कार्यालयात संसदेचं काम पाहणारा माणूस वेगळा असतो. त्याचं नाव आणि ईमेल मिळवा. प्रश्न प्रत्यक्षात तोच टाकतो.

तिघांनीच जा. पंधरा जण गेलात तर शिष्टमंडळ होतं. शिष्टमंडळाला चहा आणि फोटो मिळतो. बोलणार एकजण, आकडे सांभाळणार दुसरा, लिहून घेणार तिसरा. मिळणारी दहा मिनिटं बहुधा पाचच असतात, म्हणून क्रम पक्का ठेवा : आम्ही कोण आणि कुठले मतदार, काय हवं, का हवं, कधीपर्यंत. मग थांबा. शांतता पसरली तरी ती तुम्ही भरू नका, त्यांना बोलू द्या.

साहेब किंवा ताई मध्येच फोनवर गेले तर पीएशी बोलणं चालू ठेवा. निम्मं काम तिथेच होतं.

८. चार आक्षेप, आणि काय बोलू नये

"लोकांना पाणी नाही, आणि तुम्ही ग्रहताऱ्यांचं काय घेऊन बसलात?" मंगळयान किलोमीटरमागे रिक्षाच्या भाड्यापेक्षा स्वस्तात गेलं, हे उत्तर देऊ नका. इतकं स्वस्तात होत असेल तर आणखी पैसे कशाला, असा उलटा डाव पडतो. साधा हिशोब सांगा : २०२५-२६ मध्ये केंद्राच्या शंभर रुपये खर्चात सगळा अवकाश विभाग मिळून सुमारे २६ पैसे होते, आणि विज्ञान मोहिमा त्यातला एक भाग. पाणी योजना या पैशामुळे अडलेली नाही. एवढं बोलून थांबा, वाद वाढवू नका.

"दिलेले पैसेच त्यांना खर्च करता येत नाहीत." मान्य करा. दुसऱ्या टप्प्यातला तक्ता पुढे ठेवा आणि म्हणा, म्हणूनच प्रश्न विचारा. मंजुरी उशिरा मिळाली की खर्च उशिरा होतो, मग सुधारित अंदाजात कात्री लागते. अडचण नेमकी कुठे आहे ते उत्तरातूनच कळेल.

"आता खासगी कंपन्या आल्यात, त्या करतील." २०२० मध्ये क्षेत्र खुलं झालं आणि २०२३ मध्ये नवं अवकाश धोरण आलं, हे खरं. पण प्रक्षेपण आणि उपग्रहचित्रं यांना गिऱ्हाईक आहे. कृष्णविवराच्या क्ष-किरणांना नाही. जिथे गिऱ्हाईक नसतं तिथे खर्च सरकारच करतं, जगभर.

"माझ्या मतदारसंघाला काय?" याचं उत्तर भेटीआधीच तयार असायला हवं. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आणि मुंबईतलं विक्रोळी इथल्या कारखान्यांनी इस्रोच्या रॉकेटांचे भाग बनवले आहेत. बुलढाण्याचं लोणार हे बेसाल्ट खडकातलं आघाती विवर असल्याने चंद्र-मंगळाच्या अभ्यासकांना तिथे यावं लागतं. यातलं काहीच तुमच्या भागात नसेल तर महाविद्यालय असेल : ॲस्ट्रोसॅट आणि आदित्य-एल१ ची माहिती खुली केलेली आहे, भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ती तालुक्याच्या गावात बसून वापरू शकतो. मात्र 'इथे इस्रोचं केंद्र येईल' असलं आमिष दाखवू नका. खासदारांनी ते सभेत बोलून टाकलं की निस्तरायला तुम्हीच.

९. भेटीनंतर

त्याच संध्याकाळी पीए आणि दिल्लीच्या कार्यालयाला आभाराचा ईमेल पाठवा. त्यात काय ठरलं ते एका ओळीत आणि प्रश्नाचा मसुदा पुन्हा जोडलेला. फोटो समाजमाध्यमावर टाकायचा तर खासदारांनी दिलेला शब्दही त्यासोबत लिहा. शब्द दिलेला नसेल तर फोटो टाकूच नका. काम झाल्याचा भास होतो आणि दोन्ही बाजू सुस्तावतात.

अवकाश विभागाच्या प्रश्नांची उत्तरं लोकसभेत बुधवारी आणि राज्यसभेत गुरुवारी येतात. त्या दिवशी संकेतस्थळ पाहा. प्रश्न आलाच नाही तर रागावून फोन करण्याआधी कारण विचारा : सूचना उशिरा गेली, शब्द जास्त झाले की नियमात बसला नाही? तीनही गोष्टी पुढच्या वेळी दुरुस्त होतात.

उत्तर आलं तर ओळ-ओळ वाचा. 'प्रस्ताव विचाराधीन आहे' हे उत्तर पोकळ वाटलं तरी नोंदीत येतं, आणि पुढच्या अधिवेशनात 'केव्हापासून विचाराधीन?' असं विचारायची वाट उघडते. 'माहिती गोळा करून सभागृहासमोर ठेवली जाईल' असं लिहिलं असेल तर ते आश्वासन ठरतं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर आश्वासन समितीची नजर असते. त्या दिवसाची तारीख आणि प्रश्नाचा क्रमांक लिहून ठेवा, तीन महिने उलटले की ते दोन्ही घेऊन खासदारांच्या दिल्ली कार्यालयाला ईमेल करा.